हार्मोन्स सोसत नाहीत, की ती गोळी सोसली नाही?

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. मी ५० वर्षांची आहे, कोथरूडला राहते, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते. पाळी जाऊन चौदा महिने झाले. गेल्या डिसेंबरात सवाईला गेले होते. आजूबाजूला सगळे शाली आणि कानटोप्या घालून बसलेले आणि मी कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेतेय! मैत्रीण म्हणाली, तुला ताप आहे का? वनाज ते महापालिका मेट्रोच्या एसीतसुद्धा मानेवरून घामाच्या धारा लागतात. रात्री तीनदा तरी उठून गाऊन बदलते. नवरा बिचारा गोधडी उचलून हॉलमध्ये झोपायला जातो, कारण मला पंखा पाचवर लागतो. कामात चुका व्हायला लागल्या, तेव्हा डॉक्टरकडे गेले.

त्यांनी एक गोळी दिली. पाकिटावर ईस्ट्रॅडिऑल २ मिलिग्रॅम आणि नोरएथिस्टेरॉन १ मिलिग्रॅम असं लिहिलं आहे. तीन आठवड्यांत गरम वाफा निम्म्यावर आल्या. पण छाती दगडासारखी घट्ट, पोट फुगलेलं, अर्धशिशी पुन्हा सुरू, आणि उगाचच रडू यायचं. सहाव्या आठवड्यात डाग पडले तशी घाबरून बंद केली. आता वाफा परत आल्या आहेत. मोठ्या जाऊबाई म्हणतात, बरं झालं सोडलीस, त्यानं कॅन्सर होतो. माझ्या मावशीला ६८ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. मला थायरॉईडची गोळी चालू आहे, बीपी काठावर असतं. मला हार्मोन्स सोसत नाहीत हे आता कळलं. मग शतावरी सुरू करू, की अंगावर काढू? हे किती दिवस चालतं?

ता. क. लिहायला लाज वाटते, पण जवळीक आता नकोशी झाली आहे. खूप दुखतं. लघवीलाही सारखी जळजळ होते.

— कोथरूडची एक वाचक

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी एकाच वाक्यावर अडले. 'मला हार्मोन्स सोसत नाहीत.' तीस वर्षांच्या ओपीडीत हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं की माझं पुढचं वाक्य आपोआप येतं: कुठलं हार्मोन, किती, आणि कशातून?

'मला डाळ पचत नाही' असं एखादी म्हणाली तर आपण तिला जन्मभर डाळ सोडायला सांगतो का? आपण विचारतो, तुरीची की हरभऱ्याची, किती खाल्लीस, रात्री उशिरा खाल्लीस का. तुमच्या त्या एका गोळीत दोन वेगवेगळी औषधं होती. प्रत्येकाचं आपलं प्रमाण होतं, आणि दोन्ही पोटातून यकृतामार्गे गेली. यातलं नेमकं काय सोसलं नाही ते शोधायच्या आधीच तुम्ही सगळ्या हार्मोन्सवर फुली मारलीत. तुम्हाला दोष देत नाही. पाकीट हातात देताना हे सांगायचं काम आमचं होतं.

आधी दोन औषधं का, ते पाहू. वाफा, घाम, झोपमोड यांच्यावर काम करतं ते ईस्ट्रोजेन. तुमच्या गोळीतलं ईस्ट्रॅडिऑल ते हेच. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. ईस्ट्रोजेन घटलं की ते फार तापट होतं. एरवी ज्या किरकोळ फरकाकडे त्यानं लक्षही दिलं नसतं, त्यावर ते 'फार गरम झालं' म्हणून आरोळी ठोकतं आणि शरीर घाम सोडायला लागतं. म्हणून सवाईच्या थंडीतही घाम. ईस्ट्रोजेन परत मिळालं की ते केंद्र ताळ्यावर येतं. पण एकट्या ईस्ट्रोजेननं गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, आणि वर्षानुवर्षं वाढत राहिलेल्या अस्तरात कर्करोग होऊ शकतो. त्या अस्तराला लगाम घालायला जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध लागतं. तुमच्या गोळीतलं नोरएथिस्टेरॉन ते हेच. ज्यांची पिशवी काढली आहे त्यांना बहुतेक वेळा हे दुसरं औषध लागतच नाही. म्हणून शेजारणीला चाललेली गोळी आपल्याला चालेल असं कधी धरू नये.

आता तुमच्या तक्रारी एकेक करून वेगळ्या काढू. छाती घट्ट होणं हे बहुधा ईस्ट्रोजेन जरा जास्त झाल्याचं लक्षण. २ मिलिग्रॅमनं सुरुवात करायचीच असं नाही. पुष्कळ जणींना १ मिलिग्रॅम पुरतं, आणि हल्ली सुरुवात कमीतूनच करायची पद्धत आहे. पोट फुगणं, उगाच रडू येणं, पाळीच्या आधीच्या आठवड्यासारखं वाटणं, याचा संशय मी नोरएथिस्टेरॉनवर घेईन. तुम्हाला पूर्वी पाळीच्या आधी असंच व्हायचं का, आठवून पाहा. होत असेल तर संशय आणखी पक्का. अर्धशिशी असलेल्या बायकांना रक्तातल्या ईस्ट्रोजेनचे चढउतार चालत नाहीत, आणि गोळीनं ते रोज थोडेफार होतात. सहाव्या आठवड्यातले डाग मात्र मला सगळ्यात कमी काळजीचे वाटले. रोज दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्या बायकांना पहिले तीन ते सहा महिने असं थोडंफार जाणं नेहमीचं आहे. अस्तर स्थिरावायला वेळ घेतं. सहा महिन्यांनंतरही चालू राहिलं, किंवा मध्ये बंद होऊन नव्यानं सुरू झालं, तर तपासायचं. आणि आता औषध बंद असताना पुन्हा डाग दिसला तर एक दिवसही थांबू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर औषधाशिवाय गेलेला प्रत्येक थेंब तपासावाच लागतो. सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं तर त्याचा नमुना घेतात.

थायरॉईडबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला तीच ओळ महत्त्वाची वाटली. तोंडावाटे घेतलेलं ईस्ट्रोजेन यकृतातून जाताना एक प्रथिन वाढवतं आणि ते प्रथिन रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन बांधून ठेवतं. ज्यांची स्वतःची थायरॉईड ग्रंथी चांगली आहे त्या थोडं जास्त बनवून भरपाई करतात. तुमच्यासारखी जी बाई गोळीवर अवलंबून आहे तिला मात्र ठरलेला डोस कमी पडू शकतो. म्हणजे त्या रडू येण्यात, पोट जड वाटण्यात थोडा वाटा थायरॉईडचाही असू शकतो. हार्मोनची गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करायला हवी होती. केली होती का?

यावरून माझा कल कुठे आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. काठावरचं बीपी, अर्धशिशी, थायरॉईड, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात: ईस्ट्रोजेन पोटातून देण्याऐवजी कातडीतून द्यावं. त्यासाठी जेल मिळतं. एका दाबाला ठरलेली मात्रा बाहेर येते. ०.०६ टक्क्यांच्या जेलच्या एका पंपात ०.७५ मिलिग्रॅम ईस्ट्रॅडिऑल असतं. ते दंडाला किंवा मांडीला पातळ पसरायचं, पाच मिनिटं वाळू द्यायचं, तासभर त्या जागी पाणी नको. छातीवर लावायचं नाही. लावल्या लावल्या नातवंडाला उचलून घ्यायचं नाही, आणि हात साबणानं धुवायचे. कातडीतून गेलेलं ईस्ट्रोजेन यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक वाढत नाहीत. गोळीनं पायाच्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते. नेहमीच्या मात्रेतल्या जेलनं ती वाढल्याचं दिसत नाही. वजन जास्त असलेल्या, मधुमेह किंवा पित्ताशयात खडे असलेल्या बायकांनाही आम्ही म्हणूनच जेलकडे वळवतो.

जेलचीही एक अडचण आहे, ती लपवत नाही. प्रत्येकीची कातडी ते सारखं शोषत नाही. काहींना एका पंपात आराम पडतो, काहींना दोन-तीन लागतात. आणि सकाळी डबे भरायच्या गडबडीत जेल वाळू द्यायला पाच मिनिटं कुठून आणायची, असं मला अनेकींनी ऐकवलं आहे. त्यांना मी रात्री लावायला सांगते.

आता दुसरा भाग, प्रोजेस्टेरॉनचा. पिशवी असल्यामुळे तो तुम्हाला चुकणार नाही. पण नोरएथिस्टेरॉनऐवजी मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक कण केलेलं, प्रोजेस्टेरॉन घेता येतं. शरीरात बनतं त्याच्याशी हे तंतोतंत जुळणारं आहे. तुमची पाळी जाऊन वर्ष उलटलं आहे, त्यामुळे ते रोज रात्री घ्यायचं. साधारण १०० मिलिग्रॅम देतात, पण जेल किती पंप लागतं त्यावर डॉक्टर ते ठरवतील. पाळी अजून अधूनमधून येणाऱ्या बायकांना हेच औषध महिन्यातले बारा ते चौदा दिवस, २०० मिलिग्रॅमनं देतात, आणि त्यांना महिन्याला पाळीसारखं जातं. या गोळीची गंमत म्हणजे तिनं झोप येते. बऱ्याच जणींना ती त्याचसाठी आवडते.

मला मात्र ती पहिल्या महिन्यात नकोशी झाली होती. अकरा वाजता घ्यायचे आणि सकाळी आठच्या राउंडला डोळे जड. सिस्टर विचारायच्या, मॅडम, चहा आणू का? मग वेळ साडेनऊवर आणली आणि पंधरा दिवसांत सगळं जमलं. त्याआधी मी गोळीवरून जेलवर आले होते, मग एका पंपावरून दोनवर. म्हणजे तीनदा बदललं. स्त्रीरोगतज्ज्ञ असून तीनदा! तुम्ही एकदाच करून पाहिलं आहे.

मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉननंही उदास वाटलं तर डायड्रोजेस्टेरॉन आहे. प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं तोंडावाटे घेतलेलं काहीच मनाला झेपत नाही अशाही थोड्या जणी असतात. त्यांच्यासाठी हार्मोनवाली कॉपर-टी, म्हणजे गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेलचं साधन आहे. ('कॉपर-टी' हे आपलं बोली नाव, त्यात तांबं नसतं.) ते बरंचसं जिथल्या तिथे काम करतं, पाच वर्षं अस्तर सांभाळतं, आणि वरून फक्त जेल लावायचं. टिबोलोन नावाची एक वेगळीच गोळी आहे. ती दोन्ही कामं एकटी करते आणि आपल्याकडे बरीच दिली जाते. साठीनंतर तिनं पक्षाघाताची शक्यता वाढते आणि तुमचं बीपी काठावर आहे, म्हणून तुमच्या यादीत मी ती खाली ठेवेन.

बदल करताना एक शिस्त पाळा: एका वेळी एकच गोष्ट. मात्रा, औषध आणि वेळ तिन्ही एकदम बदललं तर बरं का वाटलं, किंवा का बिघडलं, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि प्रत्येक बदलाला वेळ द्या. वाफा दोन-चार आठवड्यांत कमी व्हायला लागतात, पण पूर्ण परिणाम कळायला तीन महिने लागतात. छाती घट्ट होणं, पोट फुगणं हे बऱ्याचदा त्याच तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. म्हणून तर दीड महिन्यात दिलेला निकाल मला मान्य नाही.

नोंद ठेवायला ॲप वगैरे लागत नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेलच. दुधाचे आणि गॅसच्या टाकीचे आकडे लिहितो त्याच चौकोनात रोज चार गोष्टी लिहा: दिवसभरात वाफा किती, रात्री किती वेळा उठले, मन कसं होतं, डाग पडला का. एक आकडा, दोन अक्षरं पुरे. तुमचं तर कामच हिशेबाचं. तीन महिन्यांची पानं घेऊन डॉक्टरांसमोर बसलात की पाच मिनिटांत निर्णय होतो. 'बरं नाही वाटत हो' एवढ्यावरून कुणी मात्रा ठरवू शकत नाही. ओपीडीत तुमच्या पुढे पंधरा बायका बसलेल्या असतात, डॉक्टरांनाही धरायला काहीतरी लागतं.

आता जाऊबाईंची भीती. तिला मी हसणार नाही, कारण एके काळी ती मीच पसरवली आहे.

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाची बातमी आली. १६,६०८ बायकांवरचा तो प्रयोग मध्येच थांबवला, हार्मोन्सनं स्तनाचा कर्करोग वाढतो, असे मथळे सगळीकडे झळकले. त्या आठवड्यात मी माझ्या पेशंटना एकेकीला फोन करून गोळ्या बंद करायला लावल्या. काहीजणींच्या वाफा परत आल्या, एकीची नोकरी गेली, आणि मी वर्षानुवर्षं 'सहन करा' म्हणत राहिले. पेपर नीट वाचला तो फार नंतर. अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेल्या. दिलेली औषधंही जुनी: गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेलं ईस्ट्रोजेन आणि जोडीला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. आणि तो वाढलेला कर्करोग किती? वर्षाला दहा हजार बायकांमागे ३० ऐवजी ३८. त्याच अभ्यासात खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण १५ वरून १० वर आलं होतं. ते मथळ्यात नव्हतं. शिवाय पिशवी काढलेल्या, नुसतं ईस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांच्या दुसऱ्या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही.

धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. दोन औषधांची जोडी पाच वर्षांहून जास्त घेतली तर तो थोडा वाढतो आणि वर्षं वाढतील तसा वाढत जातो. पण तो किती, हे शेजारच्या आकड्यांबरोबर ठेवून पाहावं. ब्रिटनमध्ये डॉक्टर पेशंटना हा हिशेब दाखवतात: पन्नाशीतल्या हजार बायकांपैकी पाच वर्षांत साधारण २३ जणींना स्तनाचा कर्करोग होतो. जोडीची हार्मोन्स घेणाऱ्या हजारात आणखी ४. वजन फार जास्त असलेल्या हजारात आणखी २४. आणि आठवड्याला अडीच तास व्यायाम करणाऱ्यांत ७ कमी. आपल्याकडे मुळातच हे प्रमाण ब्रिटनपेक्षा कमी आहे. पुढच्या वेळी जाऊबाई विषय काढतील तेव्हा त्यांना घेऊन रोज एआरएआय टेकडी चढायला निघा. फ्रान्समधल्या बायकांच्या एका मोठ्या पाहणीत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांमध्ये कृत्रिम प्रकारांपेक्षा धोका कमी दिसला होता. तो प्रयोग नव्हता, नुसतं निरीक्षण होतं, पण तुमच्यासाठी हा प्रकार निवडण्यामागे माझ्या मनात तेही आहे.

मावशीचं म्हणाल, तर एकच नातेवाईक आणि तीही साठीनंतर, यामुळे हार्मोन्सचं दार बंद होत नाही. आई, बहीण, मावशी अशा दोघी-तिघींना झाला असता, किंवा कुणाला पन्नाशीच्या आत झाला असता, तर मी आधी जनुकीय तपासणीचा सल्ला दिला असता. ते एकदा आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घरांत विचारून घ्या. वडिलांकडचं विचारायला सगळे विसरतात.

ज्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, गुठळी, हार्टॲटॅक किंवा पक्षाघात झाला आहे, यकृताचा आजार चालू आहे, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव आहे, त्यांना मात्र हा मार्ग सहसा नाही. त्यांच्या वाफांवर व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी हार्मोन नसलेली औषधं आहेत, समुपदेशनाचाही उपयोग होतो. तुमचं नाव या यादीत दिसत नाही. वय साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, म्हणजे सुरू करायची वेळही योग्य आहे.

सुरू करण्याआधी मॅमोग्राफी, पोटाखालची सोनोग्राफी, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, टीएसएच आणि गर्भाशयाच्या मुखाची पॅप तपासणी करून घ्या. एफएसएच, म्हणजे पाळी गेली का ते पाहणारी रक्ततपासणी, तुमच्या वयात लागत नाही. चौदा महिन्यांची गेलेली पाळीच पुरेसा पुरावा आहे, त्याचे पैसे वाचवा. खासगीत जमत नसेल तर ससूनच्या स्त्रीरोग ओपीडीत जा. सकाळ मोडेल.

शतावरीशी माझं भांडण नाही. माझ्या आईनं शतावरी कल्प दुधातून वर्षानुवर्षं घेतला. तिला तो आवडायचा, आणि तिच्या वाफा त्यानं थांबल्या नाहीत. वनस्पतीतल्या ईस्ट्रोजेनसारख्या घटकांवर, सोयाबीनवर बरेच छोटे अभ्यास झाले. थोडासा आराम पडलेल्या बायका त्यांत आहेत, पण रात्री तीनदा गाऊन बदलणारीला पुरेल एवढं त्यात मला दिसलं नाही. घ्यायचीच तर डॉक्टरांना सांगून घ्या. लेबल नसलेल्या पुड्या आणि भस्मं मात्र नकोत. अशा काही औषधांत शिसं सापडल्याच्या नोंदी आहेत. 'नैसर्गिक हार्मोन' म्हणून खास तुमच्यासाठी बनवून देणाऱ्या, कातडीखाली गोळ्या पेरणाऱ्या ठिकाणांपासूनही लांब राहा. त्यांच्या मात्रेची खात्री कुणी घेत नाही.

'अंगावर काढू का' याचं उत्तर मात्र मला सरळ देता येत नाही. वाफा सौम्य असत्या, झोप लागत असती, तर हो म्हणाले असते. मेनोपॉज हा आजार नाही आणि प्रत्येकीला औषध लागत नाही. पण हे किती दिवस चालतं याचा अंदाज असू द्या. अमेरिकेतल्या बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासात वाफांचा काळ साडेसात वर्षांच्या आसपास निघाला, काहींचा त्याहून कितीतरी जास्त. 'वर्षभरात जाईल गं' हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य आहे, ते बऱ्याच जणींच्या बाबतीत खोटं ठरतं. औषध मात्र जन्मभर घ्यावं लागत नाही. दर वर्षी बसायचं, पुन्हा सगळं पाहायचं, हवं तर मात्रा उतरवत थांबून बघायचं. वाफा परतल्या तर परत विचार करायचा. ठरावीक वर्षी बंदच करा असा नियम नाही.

जरा विषय सोडून सांगते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. चौकशी समितीही नेमली गेली. तिशी-पस्तिशीत पिशवीबरोबर अंडाशयही काढलं गेलं तर त्या बाईची पाळी त्याच दिवशी जाते आणि हाडं, हृदय सगळं वीस वर्षं आधी उघडं पडतं. हार्मोन्सची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल तर अशा बायकांना असते. निदान पन्नाशीपर्यंत. आणि त्यांच्या हातात डिस्चार्ज कार्डाबरोबर फक्त कॅल्शियम पडतं. तुमच्या ओळखीत, घरी कामाला येणाऱ्या मावशींत अशी कुणी असेल तर तिला एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

आता ताजा कलम. लाजायचं काहीच कारण नाही. ओपीडीत याच विषयाला बायका पर्स उचलून उठल्यावर, दाराशी जाऊन, हळूच हात घालतात. ईस्ट्रोजेन कमी झालं की योनीमार्गाची आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते. दुखणं आणि लघवीची जळजळ ही त्याच एका कारणाची दोन टोकं. वाफा कधीतरी थांबतात, हे मात्र आपोआप बरं होत नाही, वाढतच जातं. जेलनं थोडं सुधारेल. नाही सुधारलं तर ईस्ट्रिऑलचं, म्हणजे सौम्य ईस्ट्रोजेनचं, क्रीम मिळतं. ते आत लावायचं, पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ते रक्तात जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळं प्रोजेस्टेरॉन लागत नाही. सत्तरीच्या बायकांनाही मी ते लिहून देत आले. त्या रात्रीपुरतं साधं वंगणाचं जेल वापरायलाही हरकत नाही. जळजळ मात्र एकदा लघवी तपासून बघा, खरंच जंतुसंसर्ग असेल तर त्याचं औषध वेगळं. आणि हॉलमध्ये झोपणाऱ्या गृहस्थांना हा भाग वाचायला द्या. रुसून लांब राहतेय असा त्यांचा समज झाला असेल, तर निदान तो तरी जाईल.

त्याच डॉक्टरांकडे परत जायला संकोच वाटत असेल तर वाटू देऊ नका. 'गोळी बंद केली' हे आधी सांगा. मग नेमकं सांगा: वाफा निम्म्या झाल्या होत्या, या या तक्रारी आल्या, आणि मला जेल अधिक मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन चालेल का? वाफा निम्म्या झाल्या होत्या हे विसरू नका सांगायला. तुम्ही पत्रात ते एका वाक्यात उरकलंत, पण ईस्ट्रोजेन तुम्हाला लागू पडतं याचा पुरावा तोच आहे. डॉक्टरांनी ऐकून न घेता 'या वयात असं होणारच' म्हणून बोळवण केली, तर दुसरे डॉक्टर शोधा. पुण्यात कमी नाहीत.

उरलेलं पाकीट कपाटात ठेवलं असेल, तर एखाद्या वाईट रात्री त्यातली गोळी काढून घेऊ नका, आणि जाऊबाईंच्या मुलीलाही देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना ते पर्समध्ये टाका. पाठीमागची बारीक अक्षरं त्यांना वाचू द्या.